लॅपटॉपचं ब्लूटूथ दर दोन-चार दिवसांनी गायब होतंय, वायफाय मात्र चालू राहतं

विश्रामबाग_गणित

नमस्कार, सांगलीतून लिहितेय. मी आठवी ते दहावीचे गणिताचे क्लास घेते, त्यातला संध्याकाळी ७ ते साडेआठचा क्लास ऑनलाइन असतो. जत आणि आटपाडीकडची २३ मुलं आहेत त्यात, त्यांना रोज सांगलीला येणं शक्यच नाही. मी बसून शिकवत नाही, मागे भिंतीवर फळा आहे आणि लॅपटॉप समोर ८-९ फुटांवर टेबलावर, त्यामुळे गळ्यात नेकबँड घातल्याशिवाय माझं काम होत नाही. तारेचा हेडफोन तिथपर्यंत पुरत नाही आणि लॅपटॉपच्या माईकला माझ्यापेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो. म्हणून कृपया कुणी तारेचा वापरा असं सांगू नका.

तर प्रॉब्लेम असा की दोन-चार दिवसांनी कधीतरी ब्लूटूथ एकदम जातं. डिस्कनेक्ट होत नाही, जातंच. खाली कोपऱ्यातलं चिन्ह नाहीसं, सेटिंगमधलं चालू-बंद करायचं बटण पण नाहीसं, जसं काही या लॅपटॉपला ब्लूटूथ कधी नव्हतंच. डिव्हाइस मॅनेजर उघडलं तर ब्लूटूथ नावाची ओळच नसते, आणि खाली यूएसबीच्या यादीत पिवळा त्रिकोण येतो, 'अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड', आत बघितलं की कोड ४३. वायफाय त्याच वेळी एकदम व्यवस्थित चालू असतं, क्लास चालू राहतो, फक्त मुलांना माझा आवाज जात नाही. रिस्टार्ट केलं की कधी येतं कधी येत नाही. कधी रात्री बंद करून ठेवला की सकाळी आपोआप आलेलं असतं.

आत्तापर्यंत ड्रायव्हर तीन वेळा काढून घातला, कंपनीच्या साइटवरून उतरवलेला. विंडोज रीसेट पण केलं एकदा, त्यात दोन दिवस गेले सगळं परत बसवण्यात, आणि पाचव्या दिवशी परत तेच. इथल्या एका दुकानात दाखवलं तर त्यांनी दहा मिनिटात सांगितलं की मदरबोर्ड गेलाय, १४ हजार होतील. माझा त्यावर विश्वास बसत नाहीये कारण बाकी लॅपटॉप झकास चालतो, जूनमध्ये हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकून घेतल्यापासून तर अजूनच पळतो.

आणि हो, ब्लूटूथ चालू असतं तेव्हासुद्धा आवाज मधेमधे तुटतो, आणि मुलं म्हणतात की बाई, आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. ते यामुळेच का वेगळं ते माहीत नाही. पुढच्या आठवड्यात त्रिकोणमिती चालू करायची आहे, तेव्हा रोज मधेच थांबावं लागलं तर मुलांचं फार नुकसान होईल. कुणी नीट सांगितलं तर उपकार होतील.

पोवईनाका_सातारा

ताई, आधी १४ हजार अजिबात देऊ नका. बहुतेक लॅपटॉपला ब्लूटूथ मदरबोर्डवर नसतंच, वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही मिळून एकच छोटं कार्ड असतं, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडं मोठं, आणि ते स्लॉटमधून निघतं. म्हणजे अगदी कार्ड गेलं असलं तरी कार्डच बदलायचं, बोर्ड नाही.

दुसरं म्हणजे तुम्ही लॅपटॉप बंद करता तो पूर्ण बंद होत नसतो. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप म्हणून एक सेटिंग असते आणि ती बऱ्याचदा आधीपासून चालूच असते, त्यात शटडाउन केलं की तुमचे प्रोग्राम बंद होतात पण विंडोजचा आतला गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलला जातो. त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच परत येतो. कंट्रोल पॅनेलमधे पॉवर ऑप्शन्सला जा, तिथं 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' मधे त्याची टिक काढून टाका. किंवा शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, मग खरा बंद होतो.

आणि परत गेलं की हे करा: शटडाउन, चार्जर काढा, मग पॉवर बटण ३० सेकंद सलग दाबून धरा, सोडा, एक मिनिट थांबा, मग चालू करा. रिस्टार्टमधे कार्डाचा करंट तुटत नाही, त्यामुळे कार्डावरचं फर्मवेअर (कार्डाच्या आतला त्याचा स्वतःचा छोटा प्रोग्राम) एकदा बधिर झालं की रिस्टार्ट करून त्याला शुद्ध येत नाही.

डिव्हाइस मॅनेजरमधे ब्लूटूथ दिसत असेल त्यावेळी त्याच्या प्रॉपर्टीजमधे पॉवर मॅनेजमेंटला जाऊन वीज वाचवायला बंद करायची परवानगी पण काढून टाका. माझ्या भावाच्या लॅपटॉपचं याच्यावरच भागलं, दीड वर्ष झालं काही नाही.

विश्रामबाग_गणित

खूप आभार दादा. तिन्ही गोष्टी केल्या. ३० सेकंदांची युक्ती लगेच लागू पडली, ब्लूटूथ आलं! रिस्टार्ट करून दोनदा आलं नव्हतं ते यानं आलं.

...पण आज मिरजेहून आले आणि परत गेलेलं आहे. मंगळवार-शुक्रवार मिरजेत एका क्लासला शिकवायला जाते, लॅपटॉप पाठीवरच्या बॅगेत घालून स्कूटरवरून. फास्ट स्टार्टअप बंदच आहे, तपासलं.

खिडकीबाहेर

पोवईनाका दादांनी सांगितलं ते बरोबरच आहे पण आता अंदाजानं एकेक करून बघण्यात वेळ जाईल. आधी एकच गोष्ट ठरवा, दोष विंडोजमधे आहे का हार्डवेअरमधे. ते घरी बसून ठरवता येतं आणि लॅपटॉपमधल्या एकाही फाइलला हात लागत नाही.

८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या (त्यातलं सगळं पुसलं जातं, रिकामा घ्या), त्यावर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी लिनक्सची सिस्टम) टाका आणि लॅपटॉप पेनड्राइव्हवरून चालू करा. इन्स्टॉल नका करू, 'ट्राय उबुंटू' निवडा फक्त. ब्लूटूथ गेलेलं असेल त्याच वेळी हे करायचं, हे महत्त्वाचं. मग टर्मिनल उघडून एलएसयूएसबी ही कमांड द्या, सगळी छोटी इंग्रजी अक्षरं, मधे जागा नाही. यूएसबीला जे जे जोडलेलं आहे त्याची यादी येते, कॅमेरा, माऊस, पेनड्राइव्ह वगैरे.

तुम्हाला प्रश्न पडेल की ब्लूटूथ आतमधे आहे मग यूएसबीत कशाला शोधायचं. तर गंमत अशी आहे की त्या कार्डावर वायफाय हे पीसीआय एक्सप्रेसनं बोलतं आणि ब्लूटूथ यूएसबीनं बोलतं (बऱ्याच लॅपटॉपमधे तरी). कार्ड एक पण रस्ते दोन. म्हणून एक मरतं आणि दुसरं चालू राहतं, आणि म्हणूनच तुम्हाला यूएसबीचा कोड ४३ दिसतोय. डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड म्हणजे लॅपटॉपनं विचारलं 'तू कोण' आणि पलीकडून धड उत्तरच आलं नाही.

उबुंटूच्या यादीत पण ब्लूटूथ नसेल तर विंडोज निर्दोष आहे, ड्रायव्हर शंभर वेळा घातला तरी उपयोग नाही.

आणि विंडोजमधे इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम, तिथं बीटीएच-यूएसबी नावानं नोंदी शोधा. १७ नंबरची नोंद असेल तर त्यात लिहिलेलं असतं की अडॅप्टर अज्ञात प्रकारे फेल झाला आणि ड्रायव्हर उतरवला. त्याच्या वेळा लिहून काढा, कधी काय करत होता ते आठवा. हे फार कामाला येतं.

कोयनाकाठ_कराड

एवढं करण्यापेक्षा ब्लूटूथचा डोंगल घ्या ना, यूएसबीत लावायचा छोटा तुकडा असतो तो. पाचशेच्या आत येतो, क्लास थांबणार नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा, एक तर अगदी शंभर-दीडशेवाले घेऊ नका, त्यात जुन्या चिपची नक्कल असते आणि त्या विंडोज-लिनक्स दोन्हीवर त्रास देतात. दुसरं, विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ चालवतं, त्यामुळे आतलं डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करायला लागतं, नाहीतर आतलं परत जिवंत झालं की दोघांची भांडणं लागतात आणि नेकबँड परत जोडत बसावं लागतं.

आवाज तुटण्याबद्दल: लॅपटॉपला काही यूएसबी ३ वालं जोडलेलं असतं का? बाहेरची हार्ड डिस्क वगैरे?

विश्रामबाग_गणित

कोयनाकाठ, हो! एसएसडी टाकल्यावर जुनी हार्ड डिस्क केसमधे घालून दिलीय त्यांनी, त्यात सगळ्या प्रश्नपत्रिका आहेत म्हणून ती कायम डाव्या बाजूला लावलेली असते. तिचा काय संबंध?

खिडकीबाहेर, भाच्याला बसवून उबुंटूचं केलं (तो अकरावीत आहे, त्याला फार आवडलं हे). यादीत कॅमेरा दिसला, माऊस दिसला, पेनड्राइव्ह दिसला. ब्लूटूथ नाही. वायफाय मात्र उबुंटूत पण लगेच जोडलं गेलं. म्हणजे विंडोज नाहीच ना?

इव्हेंट व्ह्यूअरमधे १७ च्या नोंदी आहेत, जून १४ पासून ११ सापडल्या. वहीत तारखा लिहिल्या तर ११ पैकी ७ मंगळवार किंवा शुक्रवार आहेत. आणि आज एक विचित्र गोष्ट झाली. ब्लूटूथ चालू होतं, मी लॅपटॉप टेबलावरून उचलून ओट्यावर ठेवायला गेले, एका हातानं, डाव्या कोपऱ्याला धरून, आणि यूएसबी काढल्यावर येतो तसा 'टुडुंग' आवाज आला. बघितलं तर ब्लूटूथ गेलेलं. मी तर कशालाच हात लावला नव्हता.

तंबोरा_रिपेअर_मिरज

ताई, सापडलं तुमचं. मंगळवार शुक्रवार स्कूटर, कोपऱ्याला धरून उचलला की टुडुंग, आणि जून १४. एसएसडी कधी टाकली नेमकी? जूनच्या पहिल्या पंधरवड्यात असणार बघा.

मी गेली १२ वर्षं मिरजेत लॅपटॉपचंच काम करतो. तुमचं कार्ड स्लॉटमधे हललंय. आता ते का आणि वायफाय तरी कसं चालतं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला कुणी परत बोर्डाचं सांगितलं तर तुम्हीच त्याला विचाराल.

ते कार्ड २२ मिलिमीटर रुंद आणि ३० लांब असतं. एका टोकाला सोनेरी पिना, त्या स्लॉटमधे जातात, आणि दुसऱ्या टोकाला मधोमध अर्धगोल खाच, तिथं एकच स्क्रू. स्क्रू नसला की कार्ड आपोआप तिरकं वर उचललं जातं, स्लॉटचं स्प्रिंगच तसं असतं. आता पिनांची रचना बघा. ब्लूटूथच्या यूएसबीच्या दोन तारा आहेत ना, त्या ३ नंबर आणि ५ नंबरच्या पिनेवर, म्हणजे अगदी कडेला, पहिल्याच. वायफायच्या पिना ३५ च्या पुढं, मधल्या खाचेच्या पलीकडं. म्हणजे कार्ड जरा वाकडं झालं, एक कड केसभर बाहेर आली, की पहिल्यांदा तुटणार ते ब्लूटूथ. वायफाय आपलं दिसतंय चालू, त्यामुळं दुकानदाराला वाटतं कार्ड चांगलंय म्हणजे बोर्ड गेला. लै जणांची अशी फसगत होते, मुद्दाम कुणी करतं असं नाही म्हणत मी, पण उघडून न बघता बोर्ड सांगणं बरोबर नाही.

आणि पोवईनाका दादांची ३० सेकंदांची युक्ती लागू पडली तेपण यातच बसतं. बोलता बोलता तार तुटली की कार्ड अर्धवट अवस्थेत अडकतं, नंतर पिन परत टेकली तरी ते उठत नाही. करंट पूर्ण गेला की उठतं. मग पुढच्या धक्क्याला परत.

आता स्क्रू कुठं गेला. माझा अंदाज सांगतो, चुकला तर चुकला. ज्या लॅपटॉपला आधी नुसती हार्ड डिस्क असते त्यात एसएसडीचा स्लॉट रिकामा असतो आणि त्याला बऱ्याच कंपन्या स्क्रूच देत नाहीत. एसएसडी बसवणाऱ्याकडं त्या मापाचा स्क्रू नसला की तो शेजारच्या वायफाय कार्डाचा काढून लावतो. माप तेच असतं. मी दोन-तीनदा बघितलंय.

घरी उघडणार असाल तर घाई करू नका. पूर्ण शटडाउन, चार्जर काढा, खालचे सगळे स्क्रू काढून कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्या त्या जागी चिकटवा, लांब-आखूड असतात, लांबचा स्क्रू आखूडच्या जागी लावला तर वरच्या पत्र्याला भोक पडतं. झाकण प्लॅस्टिकच्या पट्टीनं सोडवा, जुनं एटीएम कार्ड चालतं, स्क्रूड्रायव्हर घालू नका. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढायचा. त्याशिवाय कशालाच हात लावायचा नाही. कार्डाला दोन बारीक वायरी असतात, एक काळी एक पांढरी किंवा करडी, त्या अँटेनाच्या. आधी मोबाइलनं फोटो काढा. त्या काढायची गरज नाही, काढायला गेलात तर टोकाची टोपी नखाएवढी पण नसते, चेपली की संपलं. कार्ड अलगद ओढून काढा, पिनांवर काळपट किंवा हिरवट दिसतंय का बघा. २०१९ च्या पुरानंतर आमच्याकडं आलेल्या मशीनमधे हे पिनांचं हिरवं होणं रोज बघायचो आम्ही, पाणी आत न जाता नुसत्या ओलीनं पण झालेलं असायचं. असेल तर आयपीएमधे (आयसोप्रोपिल अल्कोहोल) बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा, १० मिनिटं वाळू द्या, मग कार्ड तिरकं घालून शेवटपर्यंत ढकला, आडवं दाबा, स्क्रू लावा. स्क्रू एम-२ मापाचा, चपट्या डोक्याचा.

हाताला भीती वाटत असेल तर कुठल्याही ओळखीच्या मेकॅनिकसमोर बसून करून घ्या, वीस मिनिटांचं काम आहे. पण समोर बसा.

कोयनाकाठ_कराड

मिरजकर, हे मला पण नवीन आहे, धन्यवाद. मी डोंगल सांगून मोकळा झालो होतो.

ताई, हार्ड डिस्कचा संबंध असा: यूएसबी ३ ची वायर आणि पोर्ट चालू असताना रेडिओचा गोंगाट सोडतात आणि तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पण पडतो. ब्लूटूथ त्याच पट्ट्यात चालतं, २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झ. इंटेलनंच २०१२ मधे यावर पेपर काढलेला. जवळ गोंगाट आणि नेकबँड ९ फूट लांब, म्हणजे आवाज तुटणारच. डिस्क क्लासच्या वेळी काढून ठेवा, लागणाऱ्या प्रश्नपत्रिका आधी एसएसडीवर घ्या. राउटरला ५ गिगाहर्ट्झ असेल तर लॅपटॉप त्यावर टाका म्हणजे वायफाय पण त्या पट्ट्यातून बाजूला होईल.

डब्यातला आवाज हा मात्र बिघाड नाही. नेकबँडचा माईक चालू झाला की ब्लूटूथ गाण्याचा मोड सोडून फोनच्या मोडवर जातं, तिथं आवाजाची प्रत मुळातच कमी, जुन्या नेकबँडमधे तर लँडलाइन फोनएवढीच. त्याला पर्याय म्हणजे माईक वेगळा घ्यायचा, शर्टाला लावायचा बिनतारी कॉलर माईक येतो, त्याचा रिसीव्हर यूएसबीत लागतो, ब्लूटूथशी संबंधच राहत नाही. घाई नाही त्याची, पण कधीतरी घ्या, मुलांना फार फरक पडेल.

विश्रामबाग_गणित

रविवारी उघडला. मी, भाचा आणि शेजारचे काका, ते पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, त्यांचा हात फार स्थिर आहे.

तंबोरा दादा, तुम्ही सांगितलं तसंच्या तसं. झाकण काढलं, बॅटरीचा कनेक्टर काढला, आणि काकांनी टॉर्च मारली तर कार्डाच्या टोकाला स्क्रूची जागा मोकळी. पितळेचा तो बारीक खांब चमकत होता आणि त्यात काहीच नाही. कार्ड वर उचललेलं होतं आणि फक्त त्या काळ्या वायरीवरच्या चिकटपट्टीनं एका बाजूला ओढून धरलेलं, म्हणजे तिरकं पण आणि वाकडं पण. दोन बोटं पलीकडं एसएसडी, तिच्यावर काळा चपटा स्क्रू घट्ट बसलेला. बाकी सगळे स्क्रू चंदेरी आहेत. बिल शोधून काढलं, एसएसडी ११ जूनला टाकलेली.

पिनांवर हिरवं नव्हतं, थोडंसं काळपट होतं, पुसलं. काकांच्या डब्यात जुन्या मोबाइलचे, कॅमेऱ्याचे स्क्रू होते पण एकही बसेना, मग सोमवारी मोबाइल रिपेअरवाल्याकडून एम-२ चा आणला, १० रुपये. तोवर क्लास फोनवरून घेतला.

आता लॅपटॉप डाव्या कोपऱ्याला धरून मुद्दाम उचलून बघते रोज, आवाज येत नाही.

विश्रामबाग_गणित

आज १९ दिवस झाले. मिरजेच्या पाच फेऱ्या झाल्या, त्यात एकदा भर पावसात. इव्हेंट व्ह्यूअरमधे १७ ची एकही नवीन नोंद नाही. हार्ड डिस्क क्लासच्या वेळी काढून ठेवते, आवाज तुटणं पण जवळजवळ थांबलंय, फळ्याच्या अगदी उजव्या टोकाला गेले तर कधीतरी तुटतो. त्रिकोणमितीची पहिली दोन प्रकरणं एकदाही न थांबता झाली. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, आणि तंबोरा दादा, पुढच्या मंगळवारी मिरजेत असेन तेव्हा दुकानाचा पत्ता कळवा, तुम्हाला भेटून जायचंय.

बेदाणा_तासगाव

सगळं वाचलं, माझं पण ब्लूटूथ सारखं जातं, पण माझ्यात डिव्हाइस मॅनेजरमधे ब्लूटूथ दिसतं आणि कोड १० येतो. मी पण उघडून स्क्रू बघू का?

तंबोरा_रिपेअर_मिरज

नको, थांबा. दिसतंय म्हणजे तार जोडलेली आहे, ते फक्त सुरू होत नाहीये. तुम्ही आधी वरची ३० सेकंदांची युक्ती करा, मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा ब्लूटूथ ड्रायव्हर. विंडोज अपडेटनंतर चालू झालं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधे 'रोल बॅक ड्रायव्हर' करून बघा. आणि तारखा लिहून ठेवा, ताईंनी वहीत लिहिल्या तशा.